एकदाच येणारं तेज

29 मार्च 1979 ची रात्र. तुम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर, 2.1 मीटर दुर्बिणीच्या नियंत्रणकक्षात उभे आहात. समोर डेनिस वॉल्श आणि बॉब कार्सवेल बसले आहेत. वॉल्श इंग्लंडच्या जॉड्रेल बँकचे, मूळचे रेडिओवाले. तिथल्या सर्वेक्षणात सापडलेल्या रेडिओ-उगमांच्या जागी साध्या प्रकाशात काय दिसतं, हे तपासायला ते यादी घेऊन आले आहेत. यादीतली आताची जागा सप्तर्षींच्या परिसरातली, आणि तिथे एकाऐवजी दोन निळे ठिपके आहेत. दोघांमधलं अंतर सहा विकला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा तीनशेवा हिस्सा.

पहिल्या ठिपक्याचा वर्णपट हळूहळू उभा राहतो. रुंद शिखरं, लालकडे सरकलेली. क्वेसार आहे, ताम्रसृती 1.4. मग दुर्बीण दुसऱ्या ठिपक्यावर नेली जाते. पुन्हा तीच शिखरं, त्याच जागी. तुम्हाला आधी वाटतं, दुर्बीण हललीच नसेल आणि आपण पहिल्याच ठिपक्याकडे परत बघतोय. पण ती हलली आहे. रे वेमन दुसऱ्या दुर्बिणीतून तेच पडताळतील आणि तिघांच्या नावाने जाहीर होईल की गुरुत्वाकर्षणाने बनलेलं भिंग पहिल्यांदा माणसाला सापडलं. मध्ये एक दीर्घिका आहे, तिच्या वस्तुमानाने मागच्या एकाच क्वेसारचा प्रकाश दोन वाटांनी वाकवून आपल्याकडे पाठवला आहे.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून या कक्षात आणखी एक गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे. दोन वाटा सारख्या लांबीच्या नाहीत. ए या प्रतिमेचा प्रकाश आधी पोहोचतो, बी चा 417 दिवसांनी. आज रात्री ए मध्ये जे दिसतंय ते बी मध्ये 19 मे 1980 च्या सुमारास दिसेल. आणि बी मध्ये आत्ता जे चाललंय, ते ए ने 5 फेब्रुवारी 1978 च्या आसपासच दाखवून टाकलं होतं. तेव्हा इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तरी बिघडलं काही नाही, कारण बातमी दुसऱ्यांदा आलीच.

हे पक्कं लक्षात ठेवा. या प्रवासात तुम्हाला दोन प्रकारचं लुकलुकणं भेटणार आहे. एक क्वेसारचं स्वतःचं. ते प्रत्येक प्रतिमेत येतं, आपापल्या वेळी. ए मध्ये हुकलं तर बी मध्ये पकडता येतं. दुसरं एकाच प्रतिमेत येतं आणि एकदाच येतं. मला तुमच्या हाती द्यायचं आहे ते हे दुसरं.

त्याच वर्षी जर्मनीत चला, हॅम्बुर्गच्या वेधशाळेत. शूर रेफस्डाल इथे प्राध्यापक आहेत. मूळचे नॉर्वेचे. 1964 मध्ये, म्हणजे एकही भिंग सापडलेलं नसताना, त्यांनी लिहून ठेवलं होतं की अशा दोन प्रतिमांमधला उशीर मोजला तर विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते काढता येईल. पंधरा वर्षं त्या लेखाला आकाशात उदाहरण नव्हतं. आता आहे, आणि त्यांच्यासोबत काम करणारी कोरियन विद्यार्थिनी क्यॉन्गे चांग वेगळाच प्रश्न सोडवते आहे. भिंग म्हणून जी दीर्घिका आपण धरतो ती गुळगुळीत कुठे असते? ती ताऱ्यांची बनलेली आहे. प्रकाशाची वाट एखाद्या ताऱ्याच्या जवळून गेली तर?

तर तो तारा त्या एका प्रतिमेचे आणखी तुकडे करेल. तुकडे एकमेकांपासून इतके जवळ, विकलेच्या काही दशलक्षांश अंतरावर, की कोणतीही दुर्बीण ते वेगळे दाखवणार नाही. दिसेल ते एवढंच की त्या प्रतिमेचं एकूण तेज वाढलं किंवा कमी झालं. आणि तारा दीर्घिकेत फिरत असल्यामुळे काही महिन्यांत, वर्षांत ते बदलत राहील. चांग आणि रेफस्डाल यांचा हा लेख 1979 च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये येतो, पहिलं भिंग जाहीर झालं त्याच वर्षी. एका ताऱ्याचं भिंग या कल्पनेवर स्वतः आइन्स्टाइननी 1936 मध्ये टिपण लिहिलं होतं, रूडी मान्डल नावाच्या अभियंत्याने मागे लागून लिहवून घेतलेलं, आणि हे प्रत्यक्ष बघायला मिळण्याची आशा नाही असा निर्वाळाही दिला होता. हॅम्बुर्गच्या त्या टेबलावरचं गणित त्या निर्वाळ्याला वळसा घालून जातं: प्रतिमा बघायची गरजच नाही, तेज मोजत बसायचं.

मोजत बसायचं. हे म्हणायला सोपं आहे.

सप्तर्षींतल्या त्या जोडीचं काय झालं ते आधी पटकन बघून घ्या. तुमच्यासाठी उडी आहे, तिथल्या माणसांसाठी सतरा वर्षं. वर्षानुवर्षं तेज मोजलं गेलं आणि दोन तट पडले. एका तटाला उशीर सुमारे 415 दिवसांचा वाटत होता, दुसऱ्याला 536. दोन्ही बाजूंना चांगली माणसं, दोन्हीकडे कसलेलं संख्याशास्त्र. वाद लांबण्याचं एक कारण म्हणजे ए आणि बी चे आलेख एकमेकांवर नीट बसत नव्हते, कारण ताऱ्यांनी घडवलेले बदल एकाच आलेखात मिसळलेले होते. त्या काळात मुंबईतही, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि के. सुब्रमण्यन ही मंडळी भिंगांमधलं वस्तुमान कसं पसरलेलं असेल याची प्रतिमानं मांडत होती. उशीर कळला तरी वस्तुमानाचा नकाशा नसेल तर रेफस्डालच्या कल्पनेचा उपयोग होत नाही.

डिसेंबर 1994. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या 3.5 मीटर दुर्बिणीवर ए अचानक घसरते. तोमिस्लाव कुंडिच आणि सहकारी तेव्हाच छापून मोकळे होतात: 415 दिवसांवाले बरोबर असतील तर बी हीच घसरण फेब्रुवारी 1996 मध्ये दाखवेल. 536 वाले बरोबर असतील तर तेव्हा काहीच होणार नाही, जूनपर्यंत थांबावं लागेल. तुम्ही ते चौदा महिने ओलांडून फेब्रुवारीत उतरता, आणि बी घसरते आहे. ठरल्या वेळी. खगोलशास्त्रात एखादा वाद इतक्या स्वच्छपणे मिटलेला क्वचित दिसतो. निसर्गाने तोच प्रयोग दोनदा करून दाखवला म्हणून ते जमलं.

आता एकदाच होणाऱ्या प्रयोगाकडे. यासाठी फार मागे जावं लागेल, आणि पृथ्वी सोडावी लागेल.

जवळपास एक हजार कोटी वर्षांपूर्वीचा काळ. सूर्य नाही, तो जन्मायला अजून निम्म्याहून जास्त काळ जायचा आहे. तुमच्यासमोर दुसऱ्या एका क्वेसारचं कृष्णविवर आहे, सूर्याच्या शंभर कोटी पटींच्या आसपास वस्तुमानाचं, आणि त्याच्याभोवती वायूची तबकडी. वायू आत घरंगळतो आहे, थर एकमेकांवर घासून तापत आहेत. आतला भाग सर्वांत तप्त, तिथून क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश निघतो. बाहेर सरकावं तसं तापमान उतरतं, रंग निळ्याकडून लालकडे जातो. नेपच्यूनची कक्षा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायला प्रकाशाला आठ-साडेआठ तास लागतात. या तबकडीचा उजळ भाग ओलांडायला त्याला दिवस लागतात, पण दिवसच, वर्षं नव्हेत. एवढ्याशा जागेतून अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त प्रकाश बाहेर पडतो आहे.

पृथ्वीवरून ही तबकडी किती मोठी दिसेल? हबल दुर्बिणीला जेवढं बारीक दिसतं त्याच्या लाखाव्या हिश्शाहूनही लहान. तिचा आकार, तिचे रंगांचे पट्टे कोणत्याही आरशातून थेट दिसणार नाहीत. इथून निघालेल्या अतिनील किरणाबरोबर निघा. वाटेत अवकाश ताणलं जाईल, किरणाची लहर 2.7 पट लांब होईल, आणि चिलीतल्या दुर्बिणीत तो हिरवट प्रकाश म्हणून पडेल.

पण त्याआधी एक थांबा आहे. प्रवासाचा बहुतेक काळ संपला, आता फक्त सुमारे पन्नास कोटी वर्षं उरली. पृथ्वीवरच्या समुद्रांत ट्रायलोबाइट सरपटत आहेत, जमिनीवर अजून झाड नाही. समोर एक सर्पिल दीर्घिका आहे, मधोमध दांडा असलेली. तिच्या केंद्राच्या अगदी जवळून, दोन-सव्वादोन हजार प्रकाशवर्षांवरून, प्रकाश चार वाटांनी पुढे जाणार आहे. इथे तारे दाट आहेत. भिंग म्हणून ही दीर्घिका निवडायचं खरं कारण हेच. दूरच्या भिंगांमध्ये प्रकाश बहुधा दीर्घिकेच्या कडेकडेने जातो, तिथे तारे विरळ. इथे चारही वाटा ताऱ्यांच्या गर्दीतूनच जातात.

उन्हाळ्यात दुपारी विहिरीत डोकावल्यावर तळाशी उन्हाची जी हलती जाळी दिसते, ती आठवा. पाण्याचा प्रत्येक उंचवटा ऊन वाकवतो, आणि कुठे ते एका रेघेत गोळा होतं, कुठे सगळं ओसरतं. इथे पाण्याच्या जागी लाखो तारे आहेत. त्यांनी मिळून क्वेसारच्या पातळीवर तशीच झगझगीत रेघांची जाळी टाकली आहे. खगोलशास्त्रज्ञ या रेघांना कॉस्टिक म्हणतात. जाळी हलते, कारण तारे हलतात, दीर्घिका हलते, आपणही हलतो. सेकंदाला काही हजार किलोमीटर या वेगाने ती तबकडीवरून सरकत जाते.

एक रेघ तबकडीच्या कडेला टेकली. बाहेरचा लालसर भाग आधी उजळतो, पण तो पसरट असल्यामुळे उजळणं सावकाश आणि बेताचं. रेघ आत सरकते. आता आतला लहान, तप्त, निळा भाग तिच्याखाली येतो आणि एकदम चमकतो, कारण लहान वस्तूचा मोठा हिस्सा एकाच वेळी त्या रेघेत सापडतो. मग रेघ पलीकडे जाते आणि तेज ओसरतं. काही आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा खेळ. म्हणजे त्या ताऱ्यांच्या जाळीने तबकडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपून काढली. पृथ्वीवर कुणी त्या आठवड्यांत रोज तेज लिहून ठेवलं असेल, आणि तेही दोन-तीन रंगांत, तर त्या चढउतारावरून तबकडी किती रुंद आहे आणि बाहेर जाताना ती कशी थंड होत जाते हे काढता येतं. ज्या ताऱ्यांनी हे केलं ते तुम्हाला वेगळे दिसणार नाहीत, कुणालाच दिसणार नाहीत.

आणि ही जाळी पुन्हा अशीच जुळून येणार नाही. दुसरी प्रतिमा ही बातमी सांगणार नाही, कारण तिच्या वाटेवर वेगळे तारे आहेत.

पृथ्वीवर परत या. 1985. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले जॉन हक्रा आणि त्यांचे सहकारी दीर्घिकांच्या ताम्रसृती एकामागून एक मोजत आहेत, हजारोंनी. त्यातल्या एका जवळच्या दीर्घिकेच्या वर्णपटात भलत्याच रेषा मिळतात: दीर्घिकेची ताम्रसृती 0.039, आणि मधोमध 1.695 च्या क्वेसारची. हे आपलं क्यू 2237+0305. पुढच्या काही वर्षांत चांगल्या हवेच्या रात्रींनी त्या मध्यातून चार ठिपके वेगळे काढले, दीर्घिकेच्या केंद्राभोवती चार दिशांना. लोक त्याला आइन्स्टाइनचा क्रूस म्हणू लागले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री भाद्रपदाचा मोठा चौकोन डोक्यावर येतो, त्याच्या खाली नैर्ऋत्येला ती जागा. साध्या डोळ्यांनी काही दिसणार नाही. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा हे ठिपके सुमारे चाळीस हजार पटींनी मंद आहेत.

या चौकडीची खुबी अशी की चारही वाटांची लांबी जवळपास सारखी आहे. उशीर तासांचा, फार तर दिवसभराचा. क्वेसार स्वतः उजळला तर चारही ठिपके एकाच वेळी उजळतील. एकच ठिपका उजळला आणि बाकीचे तीन जागच्या जागी राहिले, तर समजायचं की मधल्या दीर्घिकेतला तारा बोलतो आहे. 417 दिवस थांबायला नको, तट पडायला नकोत.

1988. ए उजळली आहे, जवळपास अर्ध्या प्रतीने, म्हणजे सुमारे दीडपट. बाकी तिघी शांत. माइक आयर्विन, रेचेल वेबस्टर आणि त्यांच्या गटाने 1989 मध्ये हे जाहीर केलं आणि चांग-रेफस्डाल यांच्या कागदावरची गोष्ट आकाशात दिसली. पण त्या आलेखावर नीट नजर टाका. इथे एक बिंदू, मग मोकळी जागा, मग दोन बिंदू जवळजवळ, मग पुन्हा मोकळी जागा. शिखर कधी आलं, किती टोकदार होतं, निळं आधी की लाल आधी, हे सगळं त्या मोकळ्या जागांमध्ये गेलं. कुणाचा दोष म्हणता येणार नाही. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायचा तर एका-दोन रात्रींत काय मिळवून दाखवाल हे सांगावं लागतं. ‘तीन वर्षं, दर आठवड्याला वीस मिनिटं, आणि बहुतेक वेळा काही होणार नाही’ असा अर्ज लिहून बघा. मला राहून राहून वाटतं की या विषयाचा खरा इतिहास त्या वीस-वीस मिनिटांचा आहे.

म्हणून आता थोडं थांबून राहा. जून 1999, चिली, अटाकामाच्या दक्षिण टोकाचं लास कॅम्पानास. वॉर्सा विद्यापीठाची 1.3 मीटर दुर्बीण. पोलंडहून आळीपाळीने निरीक्षक येतात, काही आठवडे राहतात, जातात. प्रकल्पाचं नाव ओगल, आणि त्याचं मुख्य काम वेगळं आहे. बोहदान पाचिन्स्की यांनी 1986 मध्ये सुचवलं होतं की आपल्याच आकाशगंगेतले तारे एकमेकांसाठी भिंग बनताना पकडायचे तर लाखो तारे रोज मोजायला हवेत. आंद्झेय उदाल्स्की आणि त्यांचे साथीदार तेच करतात: आकाशगंगेचा मध्य, मॅगेलनचे ढग, रात्रीमागून रात्र. या रगाड्यात क्यू 2237 साठी थोडा वेळ राखून ठेवला आहे, 1997 पासून.

दक्षिण गोलार्धातला हिवाळा आहे, रात्र लांब. मध्यरात्र उलटल्यावर ती जागा पुरेशी वर येते. घुमट फिरतो, दुर्बीण स्थिरावते, शटर उघडतं. काही मिनिटांनी पडद्यावर फ्रेम उमटते, आणि तुमची निराशा होते. हबलच्या छायाचित्रातली ती सुंदर चौकडी कुठेच नाही. एक फुगीर डाग आहे, कडेला किंचित ओबडधोबड. चार ठिपके 1.8 विकलांच्या आत दाटलेले आहेत आणि वातावरणाने प्रत्येकाला एकेक विकलाभर पसरवलं आहे. वर दीर्घिकेचा स्वतःचा प्रकाश. यातून ए किती, सी किती, हे सांगणार कसं?

इथे प्शेमिस्लाव वोझ्नियाक यांचं काम बघण्यासारखं आहे. पूर्वी सर्वांत स्वच्छ हवेत घेतलेली फ्रेम आधाराला घेतात. आजच्या हवेने ती जितकी विस्कटली असती तितकी ती गणिताने विस्कटतात. मग आजच्या फ्रेममधून ती वजा करतात. दीर्घिका बदललेली नाही, त्यामुळे ती पुसली जाते. जवळचे साधे तारे पुसले जातात. करड्या सपाट पाटीवर उरतं फक्त तेवढंच, जे आधारफ्रेमनंतर बदललं. चार प्रतिमांच्या जागा हबलने अचूक दिल्या आहेत, त्यामुळे कोणती प्रतिमा बदलली हे कळतं. आज त्या पाटीवर सी च्या जागी पांढरा डाग आहे. उमटलेला, स्पष्ट.

तुम्ही आठवड्यामागून आठवडा तिथेच थांबता. सी चढते आणि मग पडू लागते. ती निवते तोवर ए चढणीला लागली आहे. गटाने या मोसमापासून आकडे तयार होतील तसे लगेच सगळ्यांसाठी खुले करायची व्यवस्था उभी केली आहे, म्हणजे शिखर जवळ येतंय असं दिसताच जगात ज्यांच्याकडे रात्र मोकळी आहे त्यांनी दुर्बीण वळवावी. ऑक्टोबरपासून कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मामधली नॉर्डिक दुर्बीणही याच ठिपक्यांवर लागते, दोन रंगांत, जवळपास रोज. नोव्हेंबरच्या आसपास ए शिखरावर पोहोचते आणि हळूहळू गोलाई घेऊन खाली वळते. या वेळी शिखराच्या दोन्ही उतारांवर बिंदू आहेत, दाट. 1988 च्या आलेखातल्या मोकळ्या जागा शेजारी ठेवून हे बघा. विहिरीच्या तळावरची रेघ तबकडीवरून जाताना पहिल्यांदाच कुणीतरी अख्खी लिहून घेतली.

ओगलच्या त्या आकड्यांवर पुढे अनेकांनी घर उभारलं. ख्रिस कोचानेक यांनी 2004 मध्ये पद्धत मांडली ती अशी: संगणकात ताऱ्यांच्या असंख्य काल्पनिक जाळ्या तयार करायच्या, त्यांवरून निरनिराळ्या आकारांच्या तबकड्या निरनिराळ्या वेगांनी सरकवायच्या, आणि कोणत्या प्रयत्नांतून खऱ्यासारखा आलेख निघतो ते बघायचं. खरा आलेख जितका लांब आणि दाट, तितके खोटे प्रयत्न लवकर गळतात. युरोपच्या व्हीएलटी दुर्बिणीवर अलेक्झांडर आयगेनब्रॉड आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं चौकडीचे वर्णपट घेतले आणि 2008 मध्ये दाखवलं की निळा भाग लाल भागापेक्षा लहान आहे, साधारण पातळ तबकडीच्या सिद्धांतात असावा तसाच. शकूरा आणि सुन्याएव यांनी 1973 मध्ये मांडलेला तो सिद्धांत इथे तगला. पण दुसऱ्या एका परीक्षेत तो अडखळला. इतरही अनेक भिंगांमधून तबकड्यांची रुंदी काढली गेली तेव्हा त्या, त्यांच्या तेजावरून सिद्धांत सांगतो त्यापेक्षा काही पटींनी मोठ्या निघाल्या. चंद्रा दुर्बिणीने क्ष-किरणांत हेच केलं तेव्हा उलट चित्र: क्ष-किरणांचा उगम कृष्णविवराच्या अगदी तोंडाशी, फार लहान. तबकडी मोठी का भरते याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून नाही. मला हा या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत जिवंत भाग वाटतो: जे कधी दिसणार नाही त्याच्या मापात चूक सापडली आहे, आणि ती चूक सापडली 1.3 मीटरच्या दुर्बिणीवरच्या चिकाटीमुळे.

एक मोकळी जागा मात्र तुम्हालाही भरता येणार नाही. मार्च 2000 मध्ये जाऊन बघा. तुम्ही काळात हवं तिथे उतरू शकता, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य बरोबर त्याच भागात असतो. पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीला तिथे बघता येत नाही. दरवर्षी काही महिने. त्या काळात एखादी रेघ सरकली असेल तर ती गेली. 1999 मधली दोन्ही शिखरं मोसमात सापडली हे नशीब.

अशा महिन्यांत इतर भिंगं असतात. 2006 चा मार्च, लडाखमधलं हानले. साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण उघडली आहे, पण घुमटाखाली निरीक्षक बसलेला नाही. तो बसला आहे बेंगळुरूजवळच्या होसकोटेत, आणि उपग्रहामार्फत आज्ञा पाठवतो आहे. दुर्बीण पुन्हा सप्तर्षींच्या दिशेला वळली आहे, 1979 च्या जोडीपासून फार दूर नाही अशा एका जोडीकडे: जे 1001+5027. फ्रेदेरिक कूर्बँ यांच्या कॉस्मोग्रेल या उपक्रमात लहान-मध्यम दुर्बिणींनी अशी भिंगं वाटून घेतली आहेत. या जोडीवर हानलेसोबत उझबेकिस्तानातलं मैदानक आणि ला पाल्मामधली मर्केटर दुर्बीण पाळीने लागतात. एकीकडे ढग असतील तर दुसरीकडे आकाश मोकळं असतं. 2005 ते 2011 या काळातल्या 443 नोंदींमधून अखेर उशीर निघेल: 119 दिवस, तीनेक दिवसांच्या फरकाने.

होसकोटेतल्या पडद्यावर फ्रेम येते. दोन ठिपके, एकमेकांपासून तीनेक विकलांवर. निरीक्षक हवेचा दर्जा लिहितो, वेळ लिहितो, पुढची फ्रेम लावतो. उशीर काढणाऱ्या गटाला या दोन आलेखांमधलं जे एकमेकांशी जुळत नाही ते वजा करून टाकायचं असतं, कारण ते ताऱ्यांचं आहे आणि त्यांच्या कामात खोडा घालतं. तबकडी मोजणाऱ्या गटाला नेमकं तेच हवं असतं, आणि उशिराएवढं सरकवून क्वेसारचं स्वतःचं लुकलुकणं वजा करायचं असतं. दोघं एकच फ्रेम वापरतात.

तिकडे सूर्य भाद्रपदाच्या चौकोनाखालून पुढे सरकतो आहे. मेमध्ये पहाटेच्या आधी क्यू 2237 पुन्हा पूर्वेला पुरेसं वर येईल. मोसमातल्या पहिल्या फ्रेममध्ये चारांपैकी कोण उजळ असेल हे कोणतंही गणित आधी सांगत नाही. त्यामुळे लास कॅम्पानासच्या यादीत ती जागा पहिल्याच शक्य पहाटेला लावून ठेवायची असते, क्षितिजाजवळची हवा खराब असली तरी.